पाळीच्या आधीचे आठ दिवस

मी तवा फेकला तेव्हा घरात सगळे जेवायला बसले होते. चुलीवरचा तापलेला लोखंडी तवा, त्यावर अर्धी भाजलेली भाकर. तो भावाच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आदळला आणि भिंतीला काळा डाग पडला. कारण एवढंच, की भाऊ म्हणाला होता, "भाकर जाड झाली." मी वीस वर्षांची होते, मेहकरला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते, वर्गात माझ्या हस्ताक्षराचं कौतुक व्हायचं. आणि त्या क्षणी मला माझ्या सख्ख्या भावाचं डोकं फोडायचं होतं. तवा भिंतीला लागला याचं मला वाईट वाटलं, हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आमचं घर साखरखेर्ड्याचं. मळा गावापासून पायी वीस मिनिटांवर. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात कांदा. पहाटेपासून घरात आवाजच आवाज असत. हौदावर मेथीच्या जुड्या धुतल्याचा सपसप आवाज, आत्याबाईच्या पाट्यावरवंट्याची घरघर, भावाचा रेडिओ, बाबांचं खाकरणं. महिन्यातले वीस दिवस मला हे आवाज आवडायचे. मी त्यांच्यातच अभ्यास करायची. उरलेल्या आठ दिवसांत त्यातला प्रत्येक आवाज माझ्या कानशिलावर कुणी ठोकतंय असा यायचा. बाबांनी भाकरीसोबत कच्चा कांदा फोडून चावला की मी मुठी आवळून उठून जायची. छाती दगडासारखी व्हायची, साध्या धक्क्यानेही डोळ्यांत पाणी येई. पोट फुगायचं, बांगड्या मनगटावर रुतायच्या. रिकामी घागर बघून रडू यायचं. मळ्यातल्या विहिरीकडे बघताना एक विचार यायचा तो मी कुणाला सांगितला नाही. आणि मग पाळी यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी उठावं तर ताप उतरल्यासारखं मन मोकळं. पुढचे तीन आठवडे मी घरातल्या एकेकाची माफी मागत फिरायची. भावाला आवडतं म्हणून निखाऱ्यावर वांगं भाजून भरीत करायची, आत्याबाईचे पाय चेपायची. वीस वर्षांच्या पोरीनं एवढ्या माफ्या मागाव्यात आणि सगळ्यांनी त्या आपला हक्क असल्यासारख्या घ्याव्यात, याचा मला आजही राग येतो.

आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन आमच्याकडे आलेली, ती घराची मालकीणच झाली. देव्हारा तिच्या ताब्यात, लोणच्याची बरणी तिच्या ताब्यात आणि कुणाला काय झालंय हे ठरवायचा अधिकारही तिच्याच ताब्यात. माय तिच्यापुढे बोलत नसे. मायला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलंच नव्हतं. तवा फेकला त्या रात्री आत्याबाईनं बाबांना ओट्यावर बोलावलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उद्या अमावस्या हाय ना? पोरीच्या अंगात बाहेरचं हाय. मी पाह्यलं तिच्या डोळ्यात. हे डोळे आपल्या वंदीचे नाहीत."

बाबा म्हणाले, "ताप-बिप असंन."

"तापात तवा फेकते का कोणी? अन् पोराचं लगन करायचं हाय तुले. अशी बहीण घरात असली तर कोण पोरगी देईन त्याले?"

या शेवटच्या वाक्यानं बाबांचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्स गाडी ठरवून आम्ही डोंगराकडच्या एका गावाला गेलो. तिथे एक महाराज होता. मी त्याचं नाव लिहिणार नाही. भुताच्या तावडीतून बाया सोडवतो, अशी त्याची कीर्ती होती. मला धुनीपुढे बसवलं, निखाऱ्यांवर लाल मिरच्या टाकल्या आणि माझं डोकं दोन बायांनी त्या धुरात दाबून धरलं. मी ओरडले, खोकले, एकीच्या हाताला चावले. मी जितकी ओरडले तितकी आत्याबाईची खात्री पटत गेली. "कोण हायेस तू?" महाराज विचारायचा. मी म्हणायची, "वंदना." तो म्हणायचा, "खोटं बोलून राह्यलं."

त्यानंतर सहा दिवसांनी माझी पाळी आली आणि मी शांत झाले. घरात नारळ फुटला.

पुढच्या अमावस्येला परत नेलं, त्यानंतर चारेक दिवसांनी मी शांत झाले. त्याच्या पुढच्या अमावस्येनंतर तीन दिवसांनी. महाराज म्हणाला, "पाहा, पकड सैल होऊन राह्यली. दर वेळेस लवकर सोडते." बाबांना हे पटलं, आणि मला सगळ्यात जास्त चीड याची आहे, की मलाही पटलं. मला खरंच बरं वाटत होतं ना! धुरानं घसा सोललेला असायचा, केस उपटल्यानं डोक्याची सालं निघालेली असायची, पण आठवडाभरात मन हलकं व्हायचं. मी स्वतः देव्हाऱ्यापुढे उभी राहून त्या माणसाचे आभार मानले आहेत. माझ्या शरीराचा महिन्याचा हिशोब त्यानं आपल्या नावावर लावला आणि मी हात जोडले.

चौथ्या वेळी, फाल्गुनातल्या अमावस्येला, त्यानं माझा डावा तळहात उघडायला लावला, त्यावर कापराची जाड वडी ठेवली आणि पेटवली. "हे पोरीले लागत नाही, आतल्याले लागते," असं तो बाबांना सांगत होता. बाबा माझं मनगट धरून होते. मी त्यांच्याकडे बघून ओरडत होते, "बाबा, मले लागून राह्यलं! मीच हाव, बाबा!" त्यांनी तोंड फिरवलं, पण मनगट सोडलं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाळी आली. आत्याबाईनं गावभर साखर वाटली.

आणि महाराजानं बाबांना सांगून ठेवलं, आता शेवटचं काम उरलं. पुढच्या अमावस्येला पोरीला आणा आणि चाळीस दिवस इथंच ठेवा. बाबांनी कबूल केलं. माझी डी.एड.ची परीक्षा त्या चाळीस दिवसांतच येत होती. मी ते सांगितलं तर आत्याबाई म्हणाली, "पहिलं माणूस तर हो, मंग मास्तरीण हो."

हात पिकला. दहा-अकरा दिवसांनी वर्गात फळ्यावर लिहिताना माझ्या पट्टीतून पिवळं पाणी गळताना आमच्या कॉलेजच्या बाईंनी पाहिलं आणि मला सरळ मेहकरातल्याच एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. त्या बायकांच्या डॉक्टर होत्या, पण त्या गल्लीत तोच एक दवाखाना उघडा होता. तरुण, ठेंगण्या, बोलायला तुटक. त्यांनी पट्टी सोडली, तळहात पाहिला आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "चुलीवर भाजलं."

"चुलीवर भाजलं तर बोटं भाजतात. हे मधोमध आहे. कुणी केलं?"

मी रडायला लागले आणि सगळं सांगितलं. तवा, धूर, अमावस्या, सगळं. त्या जखम धूत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला. "प्रत्येक वेळी नंतर बरं वाटतं म्हणतेस. बरं वाटायला लागतं तेव्हा पाळी आलेली असते का?"

आजवर हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मायनं नाही, आत्याबाईनं नाही. मधे एकदा गावातल्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्यानं झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, त्यानंही नाही. मी आठवायला लागले आणि मला नीट आठवेना.

"आठवणीवर जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "आठवण आपल्याला हवं ते सांगते. कुठे तारखा लिहिलेल्या आहेत?"

तेव्हा मला घरातलं कॅलेंडर आठवलं. आमच्या घरात बाहेरची झालेली बाई चार दिवस देव्हाऱ्याकडे आणि लोणच्याकडे जायची नाही. त्यावर पहारा ठेवायचा म्हणून आत्याबाई दारामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करायची. माझ्यासाठी गोल, मायसाठी फुली. नवं कॅलेंडर आलं की ते जुन्याच्याच वर, त्याच खिळ्याला अडकवायचं. त्यामुळे मागचं अख्खं वर्ष खाली तसंच होतं. आणि अमावस्या तर छापलेल्याच असतात.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर मी दोन्ही कॅलेंडरं उतरवून मळ्यातल्या खोपीत नेली. एका हातानं पानं उलटत बसले. चारही अमावस्या आणि त्यांच्या पुढचे गोल: सहा दिवसांवर, चार दिवसांवर, तीन दिवसांवर, एका दिवसावर. महाराजाची पकड सैल होत नव्हती. माझी पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येत होती आणि अमावस्या त्याहून दीड दिवस उशिरानं, म्हणून दोघी महिन्यागणिक एकमेकींजवळ सरकत होत्या. मग मी मागे गेले. गेल्या होळीला मी भावाच्या मित्रांच्या अंगावर भरलेली घागर फेकली होती, ते भांडण गावाला ठाऊक होतं. होळी म्हणजे पौर्णिमा. त्या पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी आत्याबाईचा गोल होता. चांदणं असो की अंधार, मी फक्त त्या गोलांच्या आधीच्या आठवड्यात पेटत होते. खोपीत बसून मी इतकी संतापले की कॅलेंडरचं पान माझ्या घामानं ओलं झालं. तो संताप पाळीनंतरच्या दहाव्या दिवसाचा होता, म्हणजे माझा चांगला दिवस होता. तेव्हा मला कळलं, की माझ्याकडे दोन राग आहेत. एक तारखेनं येतो. दुसरा अक्कल आली की येतो.

डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडर पाहून लगेच मान डोलावली नाही. "हे चांगलं आहे, पण मला रोजचं पाहिजे," म्हणाल्या. एक वही घ्यायची, रोज झोपायच्या आधी लिहायचं: राग किती, रडू किती, झोप कशी, छाती दुखते का, काम झालं का. निदान दोन पाळ्या. रक्त तपासलं, गळ्याजवळच्या ग्रंथीचा आजार असला तरी असं होतं म्हणाल्या, तो नव्हता. रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या दिल्या. आणि मग दार लावून त्यांनी विचारलं, "त्या दिवसांत जिवाचं काही करून घ्यावं वाटतं का?" मी विहिरीचं सांगितलं. त्या मला ओरडल्या नाहीत. "हे भूत नाही आणि तुझा स्वभावही नाही," त्या म्हणाल्या. "पाळीच्या आधी शरीरात जे बदल होतात, ते काही बायकांच्या मेंदूला सोसत नाहीत. पुष्कळ जणींना थोडं जड वाटतं, चिडचिड होते. तुझं त्याच्या खूप पुढचं आहे. याला औषध आहे. पण विहिरीचा विचार आला तर माझ्याकडे यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि आईला घेऊन ये."

मी मायला सांगितलं. माय हौदावर मेथी धूत होती, तिनं वर पाहिलं नाही. नुसतं म्हणाली, "आत्याबाई नाही येऊ देणार."

चैत्रातली अमावस्या जवळ आली. वहीत आकडे चढत गेले. मी त्या आठवड्यात स्वतःला मळ्यात कोंडून घेतलं, बांधावरून पायांचे तुकडे पडेपर्यंत चालले, कुणाशी बोलले नाही. आणि अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी माझी पाळी आली. मी कुणालाच सांगितलं नाही.

अमावस्येच्या सकाळी ट्रॅक्स दारात उभी राहिली. माझ्या चाळीस दिवसांच्या कपड्यांचं गाठोडं आत्याबाईनं बांधून मागच्या सीटवर ठेवलं होतं. बाबा, भाऊ, माय, आत्याबाई अंगणात. मी दोन्ही कॅलेंडरं आणि वही घेऊन बाहेर आले आणि बाजेवर मांडली.

"आत्याबाई, काल मले पाळी आली. तुमी खूण करा पहिलं."

तिचा चेहरा उतरला. महाराजाच्या ओट्यावर बाहेरच्या बाईला पाय ठेवता येत नव्हता, हा तिचाच नियम आणि त्याचाही. "मंग आज कसं नेता येईन?" ती बाबांकडे बघून म्हणाली. "चार दिवसांनी नेऊ."

"चार दिवसांनी कायले? आज अमावस्या हाय. पाहा माह्याकडे. कुठी हाय बाहेरचं? काऊन नाही आलं?" मी बाबांना पानं दाखवत गेले. हे गोल कुणाचे, ही अमावस्या, हे दिवस मोजा. ही मागची होळी, पौर्णिमेची. आणि ही यंदाची होळी, कापराच्या अमावस्येच्या पंधरा दिवस आधीची; तेव्हा कापूर नव्हता जाळला, तरी मी पुरण शिजवत गाणी म्हणत होते, आठवते का? "हे मी नाही लिहिलं, तुमच्या बहिणीनं लिहिलं. तिनं वर्षभर माहा आजार लिहून ठेवला अन् वाचला नाही. मले धुरात कोंडलं. बाबा, तुमी माहं मनगट धरून होते. मी तुमाले सांगत होते मीच हाव."

आत्याबाई म्हणाली, "पाहा, पाहा कसं बोलून राह्यलं. हे वंदी नाही बोलत."

"मंग कोण बोलते?" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या अंगणातली माणसं भिंतीपाशी आली. "आज मी बरी हाव. मले झोप लागली, मी जेवली. आज मी पुऱ्या शुद्धीत रागावली हाव, अन् हा राग माहा हाय. तो तुमाले कापरानं नाही काढता येत."

भाऊ खाली बघत होता. ट्रॅक्सचा ड्रायव्हर इंजिन सुरू ठेवून बसला होता, त्या धडधडीत मला मायचा आवाज आधी ऐकूच आला नाही.

"माह्या फुल्यापण मोजा," माय म्हणत होती.

ती बाजेपाशी आली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण खुणा कळत होत्या. तिनं एका फुलीवर बोट ठेवलं. "याच्या आधी आठ दिवस मी घरात नाही थांबत. मळ्यात निंदाले जातो. पीक असो नसो, जातो. घरात थांबली असती तर मीपण तवा फेकला असता. बावीस वर्षं झाले." मग ती ट्रॅक्सकडे गेली, मागच्या सीटवरचं गाठोडं उचललं आणि घरात घेऊन गेली. बाबांनी तिला अडवलं नाही. जरा वेळानं त्यांनी ड्रायव्हरला हातानंच जा म्हणून खूण केली आणि मळ्याकडे चालू लागले.

मला तेव्हा मायला मिठी मारायला हवी होती. मी मारली नाही. मला तिचाही राग आला होता. बावीस वर्षं तिला ठाऊक होतं, की असं काही असतं, आणि ती चार वेळा त्या गाडीत माझ्याशेजारी बसली. पुढे मी तिला हे विचारलंही. ती म्हणाली, "मले वाटे मीच वाईट हाव. तुले काय सांगू, का तू माह्यासारखी वाईट हायेस?"

दुसऱ्या पाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी दोन्ही महिन्यांची वही शेजारी शेजारी ठेवली आणि मग औषध सुरू केलं. उदासीवर देतात तीच गोळी, पण या त्रासातही चालते, झोपेची नव्हे. मी ती त्यांच्या सांगण्यावरून पुढे काही वर्षं घेतली आणि त्यांच्याच सांगण्यावरून हळूहळू बंद केली. आत्याबाईच्या खारातल्या मिरच्या आणि दिवसाचे सहा कप चहा त्या दिवसांपुरते बंद केले, रोज बांधावरून तासभर चालायला लावलं, झोपेची वेळ ठरवून दिली. पहिल्याच महिन्यात सगळं गेलं असं नाही. छाती दुखायचीच. पण विहीर नुसती विहीर झाली. परीक्षा दिली, पास झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षांच्या आसपास शिकवलं. लग्नाआधी मी नवऱ्याला वही दाखवली. त्यानं ती वाचली आणि विचारलं, "या दिवसांत मी काय करू?" मी म्हटलं, "कांदा फोडून खाऊ नका." तो अजून चाकूनं कापून खातो.

माफी मात्र कुणी मागितली नाही. बाबा जाईपर्यंत दर वर्षी एकदा त्या महाराजाकडे नारळ देऊन यायचे, पोरीला बरं केलं म्हणून. मी सांगून थकले. माणसाला आपण पोरीचं मनगट धरलं होतं हे कबूल करण्यापेक्षा भूत कबूल करणं सोपं जातं. मी त्यांना हे माफ केलेलं नाही, आणि वय झालं म्हणून माफ करावं असं मला वाटतही नाही.

नाव मिळाल्यावर सगळं सुटतं असंही नाही. घरात माझ्या आजाराला 'तारीख' हे नाव मिळालं आणि भावानं ते नाव माझ्या तोंडावर बांधलं. वाटणीचं बोलले, मायच्या औषधाचं बोलले, की तो हसून विचारायचा, "तारीख जवळ आली वाटते बाई?" मी कितीदा तरी खरोखर दिवस मोजून पाहिले, आपण चूक तर नाही ना म्हणून. इतकी मला माझ्याच रागाची चोरी झाली.

गेल्या महिन्यात साखरखेर्ड्याला गेले होते. भावाची धाकटी दहावीत आहे. महिन्यातून आठवडाभर शाळेत जात नाही, दार लावून रडते, परवा तिनं मोबाइल फोडला. भाऊ ओसरीवर बसून सांगत होता, नखरे आहेत, दोन थापडा दिल्या की उतरतील. मी त्याला बोलायला लागले. मला आठवतं तसं अर्धा तास बोलले, आणि आवाज पार रस्त्यावर गेला असेल. तो ऐकत राहिला आणि मग खरंच कोड्यात पडल्यासारखा म्हणाला, "बाई, तुही तर पाळी थांबून दोन वर्षं झाले. आता काऊन रागावतं तू?"

"आता तुले दुसरं कारण शोधा लागीन," मी म्हटलं. "पोरीले चप्पल घालाले सांग. मेहकरची गाडी दहा मिनिटात हाय."